मागं सरकली का?

पुलाचा चढ निम्मा चढून झाला, की रंगराव खराडे गाडी थांबवायचे. मागून येणाऱ्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी त्यांना फरक पडायचा नाही. हँडब्रेकला हात लावायचा नाही, नुसत्या पायांवर गाडी पेलून धरायची, पाचेक सेकंद थांबायचं आणि मग हळूच पुढं घ्यायची. गाडी चालायला लागली की ते आरशात बघून विचारायचे, ‘‘मागं सरकली का गं?’’

मागच्या सीटवर त्यांची बायको, शालनकाकू, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेल्या असायच्या. त्या खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, ‘‘न्हाई.’’

‘‘मगदूम, तुमी सांगा. सरकली?’’

‘‘छे हो काका. जागची हलली नाही,’’ मी म्हणायचो.

गिऱ्हाईक चालवत असताना गाडी मागं सरकत नाही, हे मला कामाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. दोष गाडीत नसतो, आणि गिऱ्हाइकाच्या चालवण्यात तर नसतोच नसतो.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये गाड्या विकायचो. रंगराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. चौतीस वर्षांत एक अपघात नाही, हे त्यांनी पहिल्या भेटीत दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना विना अपघात सेवेचा बिल्ला खिशातून काढून टेबलावर ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांना घेऊन फिरलो, आता स्वतःची चारचाकी घ्यायची, असं म्हणत ते सप्टेंबरमध्ये आले. तेव्हापासून दर सोमवारी अकराच्या ठोक्याला दोघं हजर. शोरूमच्या गाडीनं पुलापर्यंत जाऊन यायचं, चहा प्यायचा, गाडीचं माहितीपत्रक पुन्हा एकदा मागून घ्यायचं आणि ‘‘बघू फुडच्या सोमवारी’’ म्हणून उठायचं. शोरूममधली पोरं मला विचारायची, ‘‘काय भरतेश, आज सोमवारचा उपास का?’’

सुरुवातीला मीही हसायचो. पण जानेवारी-फेब्रुवारीत माझं हसू आटलं. महिन्याला किमान तीन गाड्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या, असा नियम होता. माझी जानेवारीत एक गेली, फेब्रुवारीत एक.

याआधी मी चौदा महिने घरी बसून होतो. घरी म्हणजे सासऱ्यांच्या घरी, मिरजेत. सासरे कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी वर्तमानपत्रातलं नोकरीच्या जाहिरातींचं पान व्यवस्थित घडी करून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचे. चौदा महिने मी त्या पानाकडं बघत चहा प्यायलो. शोरूमची नोकरी लागली आणि दुसऱ्या दिवसापासून ते पान बंद झालं. फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या बायकोनं घरात काहीतरी बोलून दाखवलं असावं, कारण एका सकाळी कपाशेजारी पान पुन्हा आलं. तो चहा मला गेला नाही. काहीही करीन पण परत त्या खुर्चीत रिकामा बसणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमचे मॅनेजर घोरपडे सर कधी आवाज चढवायचे नाहीत. महिनाअखेरीला ते प्रत्येकाची गिऱ्हाइकांची यादी उघडून बसायचे. एखादं नाव फार दिवस लोंबकळत असेल तर आमच्यासमोर त्या माणसाला फोन लावायचे आणि स्पीकर चालू करायचे. त्यातून सुटायचं तर नाव आधीच यादीतून काढायला लागायचं, आणि त्यासाठी कॉम्प्युटर कारण मागायचा. ‘दुसरी गाडी घेतली’ लिहिलं तर सर विचारणार, कुठली घेतली, का घेतली, लाव फोन. ‘बेत रद्द’ लिहिलं तरी लाव फोन. ‘गाव सोडलं’ लिहिलं तर गाव सोडलं म्हणजे फोन सोडला का, लाव फोन. कारणांच्या त्या यादीत तळाला एकच कारण असं होतं, की त्यानंतर कुणी फोन लावायला सांगत नव्हतं. ‘मयत.’

आम्ही आपसात त्याला ‘पोचवणं’ म्हणायचो. महिनाअखेरीला चहाच्या टपरीवर पोरं एकमेकांना विचारायची, ‘‘आज कुणाला पोचवलास?’’ पहिल्यांदा मी फक्त बंद पडलेले नंबर पोचवले. मग फोनवर खेकसणारे. मग हात सरावला.

मार्चमध्ये रंगराव दोन सोमवार आले नाहीत. फोन उचलला नाही. एकतीस तारखेला दुपारी घोरपडे सर माझ्या टेबलापाशी थांबले. ‘‘हा खराडे सात महिने काय करतोय तुझ्या यादीत? उद्या सकाळी मी बोलतो त्यांच्याशी.’’

उद्या सकाळी काय होणार ते मला दिसत होतं. रंगराव भाबडेपणानं सांगणार, अजून बघतोय, दर सोमवारी पुलापर्यंत जाऊन येतो. म्हणजे मी सात महिने एका म्हाताऱ्याला फुकट फिरवत होतो, हे सरांना त्यांच्याच तोंडून कळणार. संध्याकाळी सहा वाजता मी त्यांचं नाव उघडलं आणि तळाचं कारण निवडलं. वाईट वाटलं असं मी खोटं सांगणार नाही. मला हलकं वाटलं.

दोन एप्रिलला सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ‘‘तीस तारखेपर्यंत तीन गाड्या, भरतेश. एक तारखेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी असतेच. तीन झाल्या नाहीत तर दोनलाही येऊ नकोस.’’

त्या महिन्यात मी काय काय केलं ते आठवलं की अजून मान खाली जाते. शाळेतल्या मास्तरांना फोन केला. माझ्या लग्नाच्या फोटोग्राफरला केला. बायकोच्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत मायलेज सांगत फिरलो, तेव्हा सासऱ्यांनी पान अर्धं टाकून उठून जाणं पसंत केलं. एवढं करून बावीस तारखेपर्यंत दोन गाड्या गेल्या. तिसरी कुठं दिसत नव्हती.

तेवीसला, मंगळवारी, दारात रंगराव उभे. मागं शालनकाकू, तीच पिशवी. रंगराव वाळल्यासारखे दिसत होते, आणि पायात नेहमीच्या जाड चपलांऐवजी मऊ काळे बूट होते.

‘‘घ्याची ठरवली,’’ ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. ‘‘पांढरी. ह्याच महिन्यात पायजे. जमतंय का बोला.’’

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ‘‘जमतंय म्हणजे काय काका. चला, आधी एक चक्कर मारून येऊ पुलापर्यंत.’’

‘‘आता कशाला? बघिटलीया की,’’ ते म्हणाले आणि काकूंकडं न बघता त्यांनी पिशवीतून कागद काढले.

मी कॉम्प्युटर सुरू केला, त्यांचा नंबर टाकला आणि पडद्यावर लाल पट्टी आली. मयत. नवीन नोंद करता येणार नाही. पोचवलेला माणूस परत आणायचा तर घोरपडे सरांचा पासवर्ड लागायचा, आणि सरांनी एक नाव उघडलं की माझी बाकीची माणसंही त्यांना दिसणार होती. समोर गिऱ्हाईक जिवंत बसलेलं, गाडी घ्यायला तयार, आणि मला ते घेता येत नव्हतं.

‘‘काका,’’ मी म्हणालो, ‘‘काकूंच्या नावावर घेऊ या का? बाईमाणसाच्या नावावर घेतली की सीट कव्हर फुकट आहेत. तीस तारखेपर्यंतच आहे ही योजना.’’ योजना वगैरे काही नव्हती. कव्हर मी माझ्या खिशातून घालणार होतो.

रंगराव हसले. ‘‘हिच्या नावावर घरात ग्यासबी न्हाई. आन् एकदम मोटार?’’

‘‘नुसतं कागदोपत्री हो.’’

‘‘कर बाई सही,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी चालवणार तर मीच हाय.’’

काकूंनी हात पदराला पुसला, पेन घेतला आणि एकेक अक्षर गोल काढत सही केली. शालन रंगराव खराडे. मग सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला सरळ प्रश्न विचारला.

‘‘म्हंजे ही गाडी आता माझी म्हनायची का?’’

‘‘कागदोपत्री, काकू.’’

‘‘कागदोपत्री म्हंजे खरंच की,’’ त्या म्हणाल्या.

तीस एप्रिलला दुपारी बाराला गाडी द्यायची ठरली. त्या सकाळी मी चहाच्या कपाशेजारचं पान उचललं, तसंच घडी घातलेलं सासऱ्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, ‘‘उद्यापासून नको.’’ त्यांनी ते घेतलं.

शोरूममध्ये गाडीवर लाल साटीनचं कापड, बॉनेटला झेंडूची माळ, चारी चाकांखाली लिंबं. गाडी देताना फोटोसाठी धरायची पुठ्ठ्याची तीन फुटी चावी सर स्वतः घेऊन उभे होते. स्पीकरवरून खराडे परिवाराचं अभिनंदन झालं. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं, रंगरावांनी नारळ फोडला. इस्त्रीच्या शर्टावर त्यांनी तो बिल्ला लावला होता. मी पेढ्यांचा पुडा घेऊन गाडीच्या पलीकडं उभा होतो आणि मला वाटत होतं, की सुटलो.

कागद पुरे करायला टेबलावर अस्मिता नावाची नवीन मुलगी होती. तिनं विचारलं, ‘‘सर्व्हिसिंगची आठवण करून द्यायला नंबर कुणाचा टाकू?’’

‘‘माझा टाक की,’’ म्हणत रंगरावांनी दहा आकडे घडाघडा सांगितले.

मी ऐकलं. पुडा बॉनेटवर ठेवून निघालो, पण गाडीला वळसा घालून जाईपर्यंत उशीर झाला होता.

‘‘सर,’’ अस्मिता घोरपडे सरांना म्हणाली, ‘‘हा नंबर घेत नाही. मयत दाखवतंय.’’

सर वाकून बघायला लागले. रंगरावही वाकले. त्यांनी चष्मा वर केला आणि पडद्यावरचं सावकाश वाचलं, बसची पाटी वाचून दाखवावी तसं. ‘‘रंगराव बाळू खराडे. मयत. एकतीस मार्च.’’

स्पीकरवर सनई चालू होती, ती कुणीतरी जाऊन बंद केली.

‘‘मगदूम,’’ रंगराव म्हणाले, ‘‘हे तुमी लिवलंय?’’

‘‘काका, ते नुसतं कॉम्प्युटरमध्ये असतं. त्याला काही अर्थ नाही. नाव यादीतून काढायला कारण द्यावं लागतं, म्हणून...’’ माझंच बोलणं मला ऐकू येत होतं. ‘‘चुकलो मी. मला माफ करा.’’

ते माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते काकूंकडं वळले. ‘‘शालन, एकतीस मार्चला आपुन कुठं हुतो गं?’’

‘‘राहू द्या आता,’’ काकू म्हणाल्या.

‘‘मिरजंत. डाक्टरकडं.’’ त्यांनी बूट घातलेला उजवा पाय जरा पुढं घेतला. ‘‘साखरंनं पायाच्या नसा गेल्यात. ब्रेकवर पाय हाय का न्हाई, मला कळतच न्हाई. कवा कळतंय, कवा न्हाई. त्याच दिवशी डाक्टर म्हनला, खराडे, आता स्टेरिंगला हात लावायचा न्हाई. जलमात न्हाई. मी म्हनलं त्या डाक्टरला काय कळतंय. चौतीस वर्सं चालवली ती काय त्याला इचारून? म्हनून इरंला पेटून आलो गाडी घ्याला.’’ ते पुन्हा पडद्याकडं बघायला लागले. ‘‘तारीख बराबर हाय. पोरानं बराबर लिवलंय.’’

दर सोमवारी ते गाडी तपासत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. सात महिने ते पुलावर स्वतःचा पाय तपासत होते, आणि मी दर सोमवारी त्यांना सांगत होतो की जागची हलली नाही.

त्यांनी शर्टावरचा बिल्ला काढला, खिशात टाकला आणि गाडीची खरी चावी टेबलावर ठेवली. ‘‘नको गाडी.’’

त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. माणूस समोर मोडून पडलेला दिसत होता आणि मी त्याचे दोन्ही हात धरून स्वतःचं रडगाणं लावलं. ‘‘काका, असं करू नका. ही गेली नाही तर माझी नोकरी जाते. चौदा महिने मी घरी होतो हो. मला परत तसं बसवणार नाही. तुम्ही नका चालवू, मी रोज येतो चालवायला, ड्रायव्हर म्हणून येतो, पण आज घेऊन जा.’’ अस्मिता खाली बघत होती. मला तिची पर्वा नव्हती.

‘‘पोरा,’’ रंगराव म्हणाले, ‘‘ज्याला चालवायची न्हाई त्यानं गाडी घिऊन काय करायचं? दारात हुबी करून बघत बसायचं?’’ त्यांनी हात सोडवून घेतले आणि ते दाराकडं निघाले.

‘‘थांबा,’’ काकू म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण ते थांबले.

‘‘मगदूम, ही गाडी कुनाची हाय?’’

‘‘तुमची, काकू.’’

‘‘मग हे कशी नको म्हनत्यात?’’ त्यांनी टेबलावरची चावी उचलून पिशवीत टाकली. ‘‘न्यायची का न्हाई ते मी ठरवीन. शिकीन न्हाईतर ड्रायव्हर ठेवीन. तुमाला डाक्टरकडं न्याला आता दोन-दोन यष्ट्या बदलायचं मला जमत न्हाई.’’

‘‘शालन, गप.’’

‘‘गप बसून बसूनच हितवर आलंय. सरकत हुती.’’

‘‘काय?’’

‘‘गाडी. पुलावर. पयल्या सोमवारपास्नं सरकत हुती. पयल्यांदा इतभर, मग हातभर. फाल्गुनात तर मागच्या ट्रकला लागती का काय असं झालं.’’

रंगराव दोन पावलं परत आले. ‘‘मग सांगितलं का न्हाईस?’’

‘‘इचारताना तुमी आरशात स्वतःचं तोंड बघितलं असतं, तर तुमीबी न्हाईच म्हनला असता.’’

रंगराव शेजारच्या खुर्चीत बसले आणि पायातल्या बुटाकडं बघायला लागले.

घोरपडे सरांनी तोवर माझी यादी उघडली होती. मयत लिहिलेलं एकेक नाव त्यांनी बोटानं मोजलं. ‘‘अकरा माणसं, भरतेश,’’ ते म्हणाले, नेहमीच्याच आवाजात. ‘‘यांना घरी सोड. गाडी त्यांच्याकडंच राहू दे. तू परत येऊ नकोस.’’

तीन गाड्या झाल्या होत्या. तिसरी मी स्वतःच चालवत बाहेर काढली.

काकू पहिल्यांदाच पुढं बसल्या होत्या. पिशवी मांडीवर घट्ट धरून त्या माझे पाय निरखत होत्या, कुठला कधी दाबतो ते. रंगराव मागं, काकूंच्या जागेवर. मला समोरचा रस्ता दिसत होता आणि उद्याचा चहाचा कप दिसत होता. आज सकाळीच मी ते पान सासऱ्यांच्या हातात दिलं होतं. आता त्यांना काय सांगायचं, बायकोला काय सांगायचं, याचा विचार करता करता माझे डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पुलाचा चढ निम्मा झाला आणि पुढं विटांचा ट्रॅक्टर बंद पडला. मी ब्रेक दाबला. मागं गाड्यांची रांग लागली. ट्रॅक्टर दोनदा धूर सोडून पुन्हा सुरू झाला, मागून हॉर्न सुरू झाले. हँडब्रेक ओढायचं मला सुचलं नाही. नवा क्लच, पायाला अजून त्याचा अंदाज नव्हता. मी ब्रेक सोडला आणि गाडी मागं गेली. चांगली हातभर गेली. मागचा जीपवाला ओरडला. मी कसाबसा ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन रडलं, आणि गाडी एक हिसका देऊन वर चढली.

पूल उतरेपर्यंत मला धीर धरवला नाही. मी आरशात बघितलं. रंगराव माझ्याकडंच बघत होते.

‘‘मागं सरकली का, काका?’’ मी विचारलं.

आरशात ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘न्हाई, पोरा. जागची हलली न्हाई.’’